पेठेत पाया खणताना: पीसीसी पडण्याआधी काय पाहायचं, कसं नोंदवायचं

पुण्याच्या कसबा, शनिवार, बुधवार किंवा सोमवार पेठेत जुना वाडा उतरवून नवी इमारत उभी राहते, तेव्हा जमीन उघडी पडते ती जेमतेम आठ-दहा दिवस. कॉलमचे खड्डे, लिफ्टचा खड्डा, पाण्याची भूमिगत टाकी, ड्रेनेजची चारी, एवढंच काय ते खोदकाम. पण त्या खड्ड्यांच्या बाजूंना गावाचा जो काप दिसतो, तो पीसीसी (खड्ड्याच्या तळाला ओततात ते सळयांशिवायचं साधं काँक्रीट) पडलं की कायमचा झाकला जातो. पुण्याचा उल्लेख इ.स. ७५८ आणि ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत येतो. त्या काळी वस्ती कुठपासून कुठपर्यंत होती हे ताम्रपट सांगत नाहीत. ते कळलंच तर असल्या खड्ड्यांतून कळेल.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करायची: वस्तू गोळा करणं हे या देखरेखीचं मुख्य काम नाही. शिवराई (शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं) जुन्या बाजारात आजही मिळते. ती कुठल्या थरात, किती खोलीवर, कशाच्या खाली होती, ही माहिती मात्र एकदाच मिळते. घमेल्यातून वर आलेल्या नाण्यापेक्षा खड्ड्याच्या साफ केलेल्या बाजूचा एक नीट फोटो जास्त मोलाचा.

दुसरी गोष्ट, हे उत्खनन नव्हे. पुरातत्त्वीय उत्खननाला परवाना लागतो. इथे बांधकामासाठी जेवढं खणायचं ठरलं आहे तेवढंच खणायचं, आणि दिसेल ते नोंदवायचं. ‘अजून थोडं आत काय आहे बघू’ म्हणून खड्डा रुंद करायचा नाही. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय पेठेत शेजारच्या वाड्याची भिंत दोन फुटांवर असते.

खोदकामाआधीचे कागद

आधी अंतर तपासा. शनिवारवाडा आणि जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच काम करता येतं. मनाईच्या पट्ट्यात १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी असलेली इमारत असेल, तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. अंतर मोजतात ते संरक्षित हद्दीपासून, स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे. आपला प्लॉट पट्ट्याबाहेर आहे, असं गुगल मॅपवर बोट ठेवून ठरवणारे बरेच जण इथेच अडकतात.

मग महापालिकेच्या हेरिटेज यादीत वास्तूचं नाव आणि श्रेणी पाहा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि जुना नकाशा काढा. नकाशावर आड, हौद, बोळ दाखवलेले असतील तर त्यांची जागा नव्या फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) नकाशावर उतरवून घ्या.

वाड्यातल्या आणि शेजारच्या वयस्कर मंडळींना तीन प्रश्न विचारा. आड कुठे होता आणि कधी बुजवला? तळघर किंवा धान्याचं पेव होतं का? हौदाला पाणी कुठून यायचं? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा नळ बांधला गेला. हा नळ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे, दगडी-विटांचं बांधीव भुयार. त्यावर ठरावीक अंतरावर उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेल्या उभ्या वाटा) आणि वाटेवर हौद आहेत. मार्च २०१९ मध्ये मेट्रोच्या कामात स्वारगेटपाशी असंच जुन्या पाणीव्यवस्थेचं भुयार उघडं पडलं. वाड्याच्या चौकात हौद असेल, तर त्याला पाणी आणणारी शाखा प्लॉटखालून गेलेली असू शकते.

वर्क ऑर्डरमध्ये काय लिहायचं

संरक्षित पट्ट्याबाहेरच्या साध्या बांधकामाला अशी देखरेख आपोआप लागू होत नाही. मालकानं आणि आर्किटेक्टनं ती ठरवून घ्यायची असते. तोंडी ठरलेलं साइटवर टिकत नाही. वर्क ऑर्डरमध्ये पुढच्यासारखा मजकूर घाला:

‘प्रत्येक खड्ड्याचं खोदकाम पूर्ण झाल्यावर आणि पीसीसीच्या आधी पाहणी होईल. त्यासाठी खड्ड्यामागे एक तास धरला आहे. पाहणीची सही झाल्याशिवाय पीसीसी ओतायचं नाही. जुनं बांधकाम, मूर्ती, लेख, नाणी, हाडं किंवा पोकळी लागल्यास त्या खड्ड्यातलं काम थांबवून कळवायचं. इतर खड्ड्यांचं काम चालू ठेवता येईल.’

शेवटचं वाक्य विसरू नका. सगळी साइट बंद पडेल या भीतीनंच वस्तू रातोरात भरावात जातात. तळ तपासायला आरसीसी कन्सल्टंट (पाया-कॉलमचं डिझाइन करणारा इंजिनिअर) येणारच असतो. पाहणी त्याच वेळी लावली तर कॉन्ट्रॅक्टरचा वेगळा वेळ जात नाही.

मुकादमाशी बोलताना बक्षिसाचं भान ठेवा. सापडलेल्या वस्तूवर बक्षीस लावलं की भलत्याच साइटवरची नाणी तुमच्या खड्ड्यात उगवतात. बक्षीस द्यायचंच तर वेळेवर काम थांबवून हाक मारल्याबद्दल द्या, मग खड्ड्यातून काही निघो न निघो.

सामान

एका माणसाला पुरेल एवढं: चार इंची टोकदार थापी, दोन इंची जुना ब्रश, हातफवारा, ५ मीटर आणि ३० मीटर टेप, ओळंबा, दोरा आणि खिळे, दहा मीटर लेव्हल ट्यूब (पातळी जुळवायची पाणी भरलेली पारदर्शक नळी), ग्राफ पेपर, एचबी पेन्सिली, छोटी पाटी. लाकडाच्या एक मीटर पट्टीवर दर २० सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवून घ्या. विकतच्या पट्टीइतकंच काम देते. झिपच्या पिशव्या शंभर आणि तेवढीच कार्डं. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा. बॉलपेनची शाई ओल्या खापरांबरोबर महिन्याभरात उडते. सावलीसाठी एक ताडपत्री आणि डोक्यावर हेल्मेट.

शून्य ठरवणं

पहिल्याच दिवशी, काहीही खणण्याआधी, साइटवर न हलणारी एक खूण ठरवा. शेजारच्या वाड्याच्या जोत्याचा दगड उत्तम. त्यावर रंगानं आडवी रेघ मारा. पुढची प्रत्येक खोली लेव्हल ट्यूबनं या रेघेपासून मोजायची. ‘जमिनीपासून सहा फूट’ या मोजमापाला अर्थ नसतो, कारण राबीट (राडारोडा) हललं, भराव पडला की ‘जमीन’ रोज बदलते. रस्त्यावरचं चेंबरचं झाकण खूण म्हणून घेऊ नका. रस्ता पुन्हा डांबरला की ते वर-खाली होतं.

खड्ड्याची जागा दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपनं मोजा. पेठेच्या बोळात मोबाइलचं जीपीएस कित्येक मीटर चुकतं. मोबाइलचं होकायंत्रही सळयांच्या ढिगाशेजारी भलतीच उत्तर दाखवतं, म्हणून उत्तर दिशा प्लॉटच्या नकाशावरून घ्या.

खोदकाम चालू असताना

जेसीबी असेल तर दात नसलेली बकेट लावायला सांगा आणि एका वेळी १५ ते २० सेंटिमीटरच उतरवा. दातांच्या बकेटनं तळ नांगरल्यासारखा होतो, थरांची कड दिसत नाही. हातानं खोदकाम असेल तर टिकाव-फावडं ठीक, पण रंग बदलला की माती वेगळ्या ढिगात टाकायची, एवढी एक सवय बिगाऱ्यांना लावा. ढीग खड्ड्याच्या काठापासून दीड मीटर तरी लांब हवा.

सगळी माती चाळणं शक्य नसतं आणि तशी गरजही नसते. प्रत्येक थराची दोन घमेली वाळूच्या बारीक चाळणीतून काढा. प्रत्येक थराला तेवढीच. म्हणजे कुठल्या थरात खापरं जास्त, कुठल्यात हाडं जास्त, याची तुलना करता येते.

दीड मीटरपेक्षा खोल आणि आधार न दिलेल्या खड्ड्यात उतरायचं नाही. पेठांखालचा बराचसा भाग भरावाचा असतो. तो उभा राहतो, राहतो आणि पाऊस पडल्यावर एकदम बसतो. खोल खड्ड्याचे फोटो वरून काढा, मोजमाप काठावरून टेप सोडून घ्या आणि आराखड्यावर ‘वरून मोजलं’ असं लिहा. तेवढी अचूकता गेली तरी चालेल.

पीसीसीच्या आधीचा तास

साधारण दीड मीटर चौरस खड्डा असेल तर सगळ्या बाजू करत बसू नका. लगतच्या दोन बाजू निवडा. बारा खड्डे असतील तर चारही कोपऱ्यांचे आणि मधला एक, एवढे तपशिलात आणि बाकीच्यांचा फोटो व खोल्या. चारी असेल तर दर पाच मीटरला एक मीटर रुंदीची पट्टी.

१. थापी तिरपी धरून वरून खाली सरळ खरवडा, खालून वर नाही. खालची माती वर लागली की थर एकमेकांत मिसळलेले दिसतात. बाहेर डोकावणारं खापर किंवा दगड ओढून काढू नका, तिथेच राहू द्या.

२. हातफवाऱ्यानं हलकं पाणी मारा आणि दोन मिनिटं थांबा. वस्तीची कोरडी माती एकसारखी राखाडी दिसते. ओली झाली की राखेचे, चुन्याचे, जळक्या मातीचे पट्टे आपोआप वेगळे होतात.

३. ताडपत्री धरून पूर्ण बाजू सावलीत आणा. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असा फोटो फुकट. फ्लॅश नको. पट्टी उभी, ओळंब्यात. पाटीवर साइट, खड्डा क्रमांक, बाजू, तारीख. एक फोटो पाटीसह, एक पाटीशिवाय. त्यानंतर डावीकडून उजवीकडे सरकत, प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग येईल असे तीस-चाळीस फोटो काढले, तर पुढे संगणकावर त्यांचं त्रिमितीय चित्र जुळवता येतं.

४. दोरा ट्यूबच्या पातळीत आडवा ताणा, त्याची शून्यापासूनची खोली लिहा आणि १:२० मापानं कापाचं चित्र काढा, म्हणजे एक मीटरला कागदावर पाच सेंटिमीटर. दर २० सेंटिमीटरला दोऱ्यापासून वर-खाली माप घ्या. कड स्पष्ट असेल तिथे सलग रेघ, पुसट असेल तिथे तुटक. पुसट कड सलग काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. पुढे वाचणाऱ्याला नसलेली खात्री दिसते.

५. थरांना वरून खाली क्रमांक द्या आणि प्रत्येकाबद्दल पाच गोष्टी लिहा: रंग, माती चिकट की भुसभुशीत, आत काय आहे (कोळसा, चुना, खापरं, विटा), जाडी, खालच्या थराशी कड कशी आहे.

सराव झाला की दोन्ही बाजू तासाभरात होतात. वेळच नसेल तर पहिल्या तीन पायऱ्या सोडू नका.

थर वाचताना

वरून सुरुवात बहुधा शहाबादी फरशी, तिच्याखाली चुन्याचा किंवा सिमेंटचा कोबा आणि मग रोडा यांनी होते. रोड्यात शिक्के असलेली मंगलोरी कौलं असतील, तर तो भराव १८६५ नंतरचा. मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना त्या साली निघाला.

नदीकाठच्या सखल भागात, विशेषतः शनिवार आणि नारायण पेठेत, एक थर आवर्जून शोधा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पुराचा गाळ. बारीक, एकसारखा, तपकिरी पोयटा. आत खडे-विटा जवळपास नसतात आणि खालची कड सपाट असते. नीट ओळखता आला तर हा थर म्हणजे तारीख लिहिलेली रेघच, कारण त्याच्या खालचं सगळं १९६१ च्या आधीचं ठरतं. पण गाळ दिसला की पानशेत, असं नाही. नंतरही पूर आले आहेत. गाळाच्या आत किंवा खाली प्लॅस्टिकची पिशवी निघाली तर तो थर अलीकडचा समजा.

पुढे जुनं जोतं लागतं. घडीव दगड, मध्ये चुना. विटा दिसल्या तर अखंड असलेल्या पाच विटांची लांबी, रुंदी, जाडी मोजा. पेशवाईतल्या विटा आजच्या विटेपेक्षा बऱ्याच पातळ असतात. घडीव दगड ट्रकमध्ये चढवण्याआधी प्रत्येक दगड उलटा करून पाहा. जुन्या देवळांचे किंवा वाड्यांचे कोरीव दगड जोत्यात पुन्हा वापरलेले असतात, आणि कोरलेली बाजू नेमकी आत असते.

त्याखाली पांढर. राखेनं, शेणामातीनं, पिढ्यान्पिढ्यांच्या केरानं झालेली वस्तीची माती. खेड्यात गावठाणाच्या टेकाडाला पांढरी म्हणतात, तीच ही. खापरं, हाडं, काचेच्या बांगड्यांचे तुकडे इथे सापडतात. लाल झिलईचं किंवा एका अंगानं काळं, दुसऱ्या अंगानं तांबडं असं पातळ खापर निघालं तर ती पिशवी वेगळी ठेवून तज्ज्ञाला दाखवा. असली भांडी सातवाहन काळापर्यंत मागे जाऊ शकतात. सगळ्यात खाली काळी माती, पोयटा किंवा थेट मुरूम आणि मांजऱ्या (मऊ खडक). मुरूम लागला ती खोली नक्की लिहा.

आता चूक कुठे होते ते. थर केकसारखे एकावर एक सरळ बसलेले नसतात. जोतं बांधताना त्या काळच्या गवंड्यानंही चर खणला होता. शौचकूप, आड, झाडाचा खड्डा या सगळ्यांनी वरचं खाली आणि खालचं वर केलेलं असतं. म्हणून पांढरीत सव्वा दोन मीटरवर निघालेली शिवराई त्या पांढरीचीच असेल असं नाही. ती उभ्या कडेच्या एखाद्या जुन्या खड्ड्यात तर नाही, हे आधी बघा. असा खड्डा दिसला तर त्याच्या भरावाला वेगळा क्रमांक द्या. थराचं वय त्यात मिळालेली सर्वांत जुनी वस्तू ठरवत नाही, सर्वांत अलीकडची ठरवते. दहा शिवराया आणि १८३५ चा कंपनी सरकारचा पाव आणा एकत्र मिळाला, तर तो थर १८३५ च्या आधी पडलेला असूच शकत नाही.

काही लागलंच तर

आड: तोंडाचा व्यास, कडं दगडी की विटांचं, पाण्याची पातळी, आणि नकाशावर जागा. आत उतरू नका. बंद आडात प्राणवायू पुरेसा नसू शकतो, आणि मेणबत्ती सोडून पाहणं हा भरवशाचा उपाय नव्हे. फुटिंग आडावर येत असेल तर कन्सल्टंटला डिझाइन बदलायला सांगावं लागेल. मातीनं बुजवलेल्या आडावर कॉलम खचतोच.

बांधीव नळ किंवा भुयार: छत फोडलं गेलं असेल तिथूनच फोटो आणि मापं घ्या. आतली रुंदी, उंची, दिशा, तळाचा उतार, पाणी वाहतं की साचलेलं. महापालिकेच्या हेरिटेज विभागाला कळवा. त्यात ड्रेनेज सोडणं हा सोयीचा वाटणारा आणि सगळ्यात घातक मार्ग. काही शाखांतून अजून पाणी वाहतं, आणि तुमचं सांडपाणी पुढे कुणाच्या तरी हौदात निघेल.

हाडं: बहुतेक वेळा गुरं-शेळ्यांची, तुटलेली, विखुरलेली. सांगाडा सलग मांडलेला दिसला किंवा माणसाची कवटी वाटली, तर हात न लावता झाका आणि पोलिसांना कळवा. ते जुनं आहे की नाही हे साइटवर ठरवायचं नसतं.

तोफगोळा: भरीव असेल असं धरून चालू नका. पोकळ गोळ्यात दारू असू शकते. ठोकायचा नाही, घासायचा नाही, उचलायचा नाही. माणसं दूर करा आणि पोलिसांना फोन करा.

नाण्यांचं मडकं, दागिने: १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत लपवलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. ठेवा सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तारण द्यायचं. लपवलं तर सापडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि साथ देणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ठेव्यावर जुन्या मालकाचा दावा सिद्ध झाला नाही आणि सरकारनंही तो घेतला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला जातो. सरकारनं घेतला तर धातू-मालाच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मिळतो. बिगाऱ्यांना हे आधीच समजावून सांगा. ‘सरकार सगळं उचलून नेतं’ या समजुतीनं जितका ठेवा वितळला आहे तितका लोभानं वितळला नसेल.

वस्तू सांभाळताना

पिशवीवर आणि आतल्या कार्डावर एकच क्रमांक: पेठ, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, खड्डा, थर. ‘कसबा / सीटीएस / ख३ / ४’ म्हणजे तिसऱ्या खड्ड्यातला चौथा थर. एका पिशवीत दोन थर कधीच नाहीत.

खापरं साध्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवा, तुटलेल्या कडा घासू नका, सावलीत वाळवा. धातूला पाणी लावायचं नाही. तांब्याचं नाणं दिसलं की घरातलं कुणीतरी चिंच, लिंबू किंवा पितांबरी घेऊन येतं. हिरव्या गंजाबरोबर अक्षरंही जातात आणि नाण्याचा चकचकीत बिल्ला होतो. ओल्या थरातून निघालेलं लाकूड ओलंच ठेवा, भिजल्या कापडात गुंडाळून बंद पिशवीत. एका दुपारच्या उन्हात ते फाटतं.

अहवाल

चार पानं पुरतात. प्लॉटचा नकाशा आणि खड्ड्यांचे क्रमांक, शून्याची खूण, प्रत्येक खड्ड्याचा तक्ता, काप, फोटोंची यादी, वस्तूंची यादी आणि त्या सध्या कुणाकडे आहेत ते. फोटोंची नावं मोबाइलनं दिलेली ठेवू नका. खड्डा-बाजू-क्रमांक असं नाव द्या. एक प्रत मालकाच्या फायलीत, एक महापालिकेच्या हेरिटेज विभागाला, एक डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला. पेठेचा इतिहास लिहिणारी मंडळी भारत इतिहास संशोधक मंडळात येत-जात असतात, म्हणून तिथे एक प्रत दिलेली बरी.

काहीच सापडलं नाही तरी अहवाल लिहायचा. ‘ख१ ते ख१२, रोड्याखाली ६० सेंटिमीटरवर थेट मुरूम, पांढर नाही’ या ओळीतून तिथे जुनी वस्ती नव्हती किंवा पूर्वीच्या बांधकामात ती खरवडली गेली, यांपैकी काहीतरी कळतं. शेजारच्या प्लॉटवर पुढे खड्डा पडेल तेव्हा यांपैकी कुठलं, हे ठरवता येतं.